साथीच्या काळात हजर राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने आपला कागद कसा तयार ठेवावा

22 मार्च 2020 च्या सायंकाळी पाच वाजता ज्यांच्यासाठी देशभर थाळ्या वाजल्या, त्यांत रुग्णालयाचे सफाई कामगार, वॉर्डबॉय आणि कचरागाडीवरचे कामगारही होते. त्यांच्यातील अनेकांकडे आपण त्या दिवशी नेमके कोठे आणि कोणाच्या सांगण्यावरून काम केले, हे सिद्ध करणारी एक ओळसुद्धा नव्हती. घरी बसून काम करणे ज्यांना शक्य नसते, त्यांच्या वाट्याला धोका अधिक येतो आणि कागद कमी येतो. पुढच्या साथीत हे बदलायचे असेल, तर तयारी आजपासून करावी लागेल.

पहिला प्रश्न आपला मालक कोण, हा आहे. पगार कंत्राटदार देतो आणि काम मुकादम सांगतो. काम मात्र महापालिकेचे, रुग्णालयाचे किंवा कंपनीचे असते. या मूळ मालकाचे पूर्ण नाव, कंत्राटदाराचे नाव आणि कंत्राटाची मुदत लिहून ठेवावी. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, ही तरतूद 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कायद्याला वळसा घालण्याचे मार्गही जुनेच आहेत. मुंबईत कचरा उचलणाऱ्यांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ ठरवले गेले आणि कंत्राटी कायदा 20 किंवा अधिक कामगार असतील तेथेच लागू होत असे, ती मर्यादा गाठली जाऊ नये म्हणून कामाचे लहान लहान तुकडे करून ते संस्थांना वाटले गेले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा अनेक वर्षे चालवला आणि अखेर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. म्हणून कागदावर आपल्याला काय म्हटले आहे, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे, आणि नियुक्तिपत्र मागावे. ते देणे आता संहितेनुसार बंधनकारक आहे.

दुसरे काम हजेरीचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कष्ट येथेच घ्यावेत. केंद्र सरकारने 30 मार्च 2020 पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना 50 लाख रुपयांचे विमा संरक्षण दिले, त्यात कंत्राटी आणि रोजंदारीवरील कामगारही होते. परंतु दाव्यासोबत मृत व्यक्ती कोविडच्या कामावर नेमलेली होती असे संस्थेचे प्रमाणपत्र जोडावे लागत असे. ज्याची नेमणूक मुकादमाच्या तोंडी हुकमाने झाली, त्याच्या घरच्यांनी ते कोठून आणायचे? यासाठी रोज मस्टरवर सही केल्यानंतर, परवानगी असल्यास, त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. तोंडी हुकूम मिळाल्यास मुकादमाला व्हॉट्सॲपवर साधा संदेश पाठवावा: “साहेब, आपल्या सांगण्याप्रमाणे आज सकाळी सातपासून संसर्ग कक्षात सफाई केली. हातमोजे मिळाले, मास्क मिळाला नाही.” भाषा नम्र असावी, तक्रारीचा सूर नसावा; तारीख, वेळ, जागा आणि साहित्य एवढे पुरेसे आहे. आजारपणाच्या दिवसांवर परस्पर खाडा लावला जाऊ नये म्हणून तपासणीचा अहवाल त्याच दिवशी पाठवावा.

ओळखपत्राचा आग्रहही धरावा. 15 जून 2020 रोजी मुंबईची लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवेश ओळखपत्रावर होता. ज्याला कामावर बोलावले जाते त्याला कामावर पोहोचण्याचे साधन देणे हे बोलावणाऱ्याचे काम आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे.

मास्क, हातमोजे, गमबूट, हात धुण्याची सोय किंवा विलगीकरणातील पगार यांची मागणी मात्र एकट्याने करू नये. एकट्याला “उद्यापासून येऊ नकोस” असे सांगणे सोपे असते, वीस जणांना ते सांगताना काम कोण करणार याचा विचार करावा लागतो. विशेषतः साथीत, जेव्हा बदली माणूस सहज मिळत नाही. अर्ज असा असू शकतो: “आम्ही खाली सह्या करणारे कामगार संसर्ग कक्षात काम करतो. गेल्या सात दिवसांत आम्हाला पुढील साहित्य मिळालेले नाही. त्यामुळे आमच्या आरोग्यास तातडीचा धोका आहे, ही बाब आम्ही आपल्या निदर्शनास आणत आहोत.” सह्या गोलाकार घेतल्यास पहिले नाव कोणाचे, हा प्रश्न उरत नाही. अर्ज कंत्राटदार आणि मूळ मालक या दोघांना द्यावा, प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नाकारल्यास स्पीड पोस्ट हा पर्याय आहेच. थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि तो कामगारातर्फे संघटनाही करू शकते. संघटना नोंदवण्यासाठी अर्ज करायला किमान सात सभासद लागतात.

एकजूट केल्याने सारे मिळते असे नाही. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातील सुमारे 70 हजार आशा स्वयंसेविका संपावर गेल्या, तेव्हा मानधनात दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला. त्यांच्या नावातील ‘स्वयंसेविका’ हा शब्द मात्र तसाच राहिला.

शेवटी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. वेतन दरमहा 21 हजार रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना योजनेखाली येत असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्यावा आणि पगारातून कापलेली पाऊण टक्का वर्गणी खात्यात जमा होते का, हे दर महिन्याला पाहावे. आजारपणात सुमारे 70 टक्के वेतन वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकते, पण त्यासाठी वर्गणी आधी भरलेली असावी लागते. नोंदीत पत्नी, मुले आणि आई-वडील यांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच लिहिलेली असावीत. हे सारे कागद एका पिशवीत घालून घरातील वाचता येणाऱ्या माणसाला दाखवून ठेवावेत, आणि त्याची एक प्रत घराबाहेर, विश्वासातल्या सहकाऱ्याकडे असावी.