मांजर पाळल्याचा पस्तावा होत असेल तर

मांजर पाळल्याचा पस्तावा होतो तेव्हा तो सांगायला जागा नसते. गाय मारकी निघाली तर चार लोक सल्ला द्यायला येतात. मांजरीनं झोप उडवली म्हटलं की एकच उत्तर मिळतं, "मंग सोडून दे ना तिले नदीपलीकडे." ज्यांना सोडायचंही नाही आणि सहनही होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव हिंगणघाटपासून आत, कापूस-तुरीच्या पट्ट्यातलं. घरात चिंगी आणि तिचा भाऊ भुऱ्या. मुलीनं हौसेनं आणले, मुलगी नागपूरला शिकायला गेली, आणि दोन्ही जीव माझ्या अंगावर पडले. चिंगी पहाटे दार खरवडायची. भुऱ्या कापसाच्या खोलीत मुतायचा. स्वयंपाकाला लागलं की दोघंही पायात. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला याची लाजही वाटायची. तुम्हालाही असं होत असेल तर लाज धरू नका. आधी तुमची झोप परत मिळवा. मांजर ठेवायची की द्यायची, हा निर्णय झोप झालेल्या डोक्यानं घ्या.

सुरुवात तपासणीपासून करा. चांगली शांत मांजर अचानक ओरडायला लागली, खाऊनही वाळायला लागली किंवा सारखं पाणी प्यायला लागली, तर ते नखरे समजू नका. लहान वयात बहुतेक वेळा पोटात जंत असतात, म्हातारपणी मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा आजार असू शकतो. बोका मुतायला बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबच पडतोय, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. लघवी अडली की एक-दोन दिवसांत बोका मरू शकतो.

आजार नसेल तर पुढचा प्रश्न माजाचा. घरात जो गोंधळ चालतो त्यातला अर्धा इथूनच येतो आणि लोकांना ते ठाऊक नसतं. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. ती जमिनीवर लोळते, मागचा भाग वर करते, रात्रभर गळा काढते. आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "काहून बोंबलून राह्यली व्हय थे? पोट दुखते का तिचं?" पोट दुखत नव्हतं. बोका भेटला नाही तर हाच प्रकार दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा होतो, आणि भेटला तर साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याचं वेगळं. तो शेपटी उभी करून भिंतीवर, दारावर, पोत्यांवर फवारा मारतो आणि रात्री गावभर भांडून कान फाडून घेतो.

यावर उपाय एकच, नसबंदी. चार-पाच महिन्यांच्या वयापासून ती करता येते. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात आधी विचारा. तिथले डॉक्टर गाई-बैलांतच गुंतलेले असतात, पण कोण करून देईल हे त्यांना माहीत असतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. निघण्याआधी फोन करून दिवस आणि वेळ नक्की करा, उपाशी किती वेळ ठेवायचं तेही विचारा. न्यायला पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं घट्ट बांधा, आत तिच्याच झोपण्याचं कापड टाका. पोत्यात कोंबून नेऊ नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस तिला खोलीत ठेवावं लागतं आणि टाके चाटू द्यायचे नसतात. म्हणून कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या धांदलीत हे काम काढू नका. बोक्याची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून मांजर गाभण राहू शकते, तेवढे दिवस त्याला आवरून ठेवा. आमच्या घरातली रात्रीची निम्मी बोंब नसबंदीनंतर थांबली.

उरलेली बोंब भुकेची आणि सवयीची होती.

मोठ्या मांजरी एकमेकींशी बोलायला म्याव फारसं वापरत नाहीत. म्याव मुख्यतः माणसासाठी असतं, कारण माणूस उठून काहीतरी देतो हे त्यांना कळलेलं असतं. उन्हाळ्यात आपण सगळे अंगणात बाजेवर झोपतो. पहाटे तीनला मांजर छातीवर येऊन बसते, आपण अर्धवट झोपेत उठून वाटीत काहीतरी टाकतो, पडतो. तिच्या बाजूनं पाहा, तिनं ओरडलं आणि जेवण आलं. उद्या ती ओरडणारच.

म्हणून जेवण घड्याळाशी बांधा, ओरडण्याशी बांधू नका. सकाळी उठल्या उठल्या वाटी भरायची नाही. आधी चहा, सडा, दूध काढणं, आणि अर्ध्या तासानं जेवण. म्हणजे तुमचं उठणं आणि तिचं खाणं यांची गाठ सुटते. दुसरं जेवण संध्याकाळी, आणि तिसरं, थोडंसं, तुम्ही झोपायच्या आधी. मांजर निसर्गानं दिवसभरात लहान लहान शिकारी करून खाणारा प्राणी आहे. एकदाच ताट भरून देण्यापेक्षा तेवढंच तीनदा वाटून दिलं तर ती शांत राहते.

यात एक अवघड टप्पा येतो. ओरडण्याला दाद देणं बंद केलं की पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. ती जास्त जोरात, जास्त वेळ ओरडते, दार खरवडते, भांडं पाडते. इथेच बहुतेक घरं हरतात. पाचव्या रात्री वैतागून वाटी भरली तर ती एवढंच शिकते की पाच रात्री ओरडावं लागतं. तेव्हा हे सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. आमच्याकडे सासूबाई जेवताना भाकरीचा तुकडा खाली टाकायच्या, नवरा मासोळीचं डोकं द्यायचा. त्यांच्या मायेला मी नाव ठेवत नाही. त्यांना मी एवढंच म्हटलं की द्यायचं ते तिच्या वाटीत, तिच्या वेळेला टाका. सासूबाईंनी मानलं, आणि ताटाभोवतीचा दंगा आपोआप गेला.

काय द्यायचं? दूध-पोळीवर मांजर जगते असं आपण धरून चालतो. पोळीनं तिचं पोट भरतं, गरज भरत नाही. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचतही नाही, त्यांना हगवण लागते, आणि मग घाण कुठेही होते. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेली मासोळी पुरते. ज्या पाण्यात उकडलं ते पाणीही त्यातच द्या, टॉरिन पाण्यात उतरतं. नुसत्या मांसावर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून एक वेळ तयार कॅट फूड देता आलं तर उत्तम. बाजारातली सुकी मासोळी खारट असते, भिजवून दोनदा धुतल्याशिवाय देऊ नका. शिजवलेली हाडं नकोत. कांदा-लसणाचा रस्सा तर थेंबभरही नको, कांद्या-लसणानं मांजरीचं रक्त नासतं.

"पोट भरलं तर उंदीर कोण धरील?" हे तुम्हाला ऐकावं लागेल. शिकारीची ओढ भुकेपेक्षा वेगळी असते. पोटभर जेवलेली चिंगी तुरीच्या पोत्यांमागून उंदीर ओढून आणते.

ही ओढ घरात जिरवली नाही तर ती तुमच्या पायावर, पदरावर आणि पोरांच्या हातावर निघते. मांजरी पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त जाग्या असतात. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं काढा. पऱ्हाटीच्या काडीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून पळवा, पोत्याआड लपवा, मधूनमधून पकडू द्या. खेळ संपला की लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा तिचा क्रम आहे. तो तुम्ही रात्री नऊला पूर्ण केला तर पहाटे तीनची पाळी बरीच टळते. खेळून झालं की दोरी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. हाताशी मात्र खेळू देऊ नका. पिल्लू असताना गोड वाटतं, मोठं झाल्यावर रक्त काढतं.

दार-पलंग ओरबाडत असेल तर मारून उपयोग नाही, नखं घासणं तिची गरज आहे. घराच्या उभ्या खांबाला जुनं पोतं घट्ट गुंडाळून बांधा, ती पूर्ण ताणून उभी राहील एवढ्या उंचीपर्यंत. जिथे ओरबाडते त्याच्या शेजारीच बांधा. लांब कोपऱ्यात बांधलं तर ती तिकडे फिरकणार नाही.

आता कापूस. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो, आणि मांजरीला ती मऊ, भुसभुशीत, उकरता येणारी जागा म्हणजे आयती मोरी वाटते. ओला, वास मारणारा कापूस व्यापारी कसा घेईल हे सांगायला नको. त्या खोलीचं दार आणि खिडकी जाळीनं बंद करा. पण नुसतं बंद करून भागत नाही, तिला दुसरी जागा द्यावी लागते. रुंद घमेल्यात चार बोटं वाळू किंवा चाळलेली कोरडी माती घाला. जेवणाच्या जागेपासून दूर, शांत ठिकाणी ठेवा. मांजरी असतील त्याहून एक घमेलं जास्त ठेवा, कारण दोघांपैकी एक दुसऱ्याला तिथून हाकलतो. घाण रोज काढा. मळलेलं घमेलं मांजर टाळते आणि परत कापूस शोधते. मुतलेली फरशी फिनाईलनं पुसू नका. ते मांजरीला विषारी आहे, पायाला लागतं आणि ती चाटते. कपड्याची पावडर, भरपूर पाणी आणि कडक ऊन पुरेसं आहे. घरात गर्भार सून किंवा लेक असेल तर घमेलं दुसऱ्या कोणीतरी साफ करावं, रोजच्या रोज. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

विषाबद्दल थोडक्यात सांगते, पण हे विसरू नका. उंदराचं औषध ठेवलं असेल तर ते खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरू शकते. फवारणीचा पंप आणि कपडे तिच्या वाटेत टाकू नका. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरीला लावू नका. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, अर्धी गोळीही तिचा जीव घेते. आणि मांजरीनं चावलं, ओरबाडून रक्त काढलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज मांजरीपासूनही होतो. तिला तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या.

एवढं सगळं केल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मग स्वतःला विचारा. माझ्या मते तीन रस्ते आहेत आणि तिन्ही मानाचे आहेत. एक, ती घरात राहील. दुसरा रस्ता शहरातल्यांना मिळत नाही, आपल्याला मिळतो. मांजर जनावरांच्या कोठ्यात राहील. नसबंदी झालेली, लस टोचलेली, तीनदा जेवणारी, पण झोपायला कुटारावर. भुऱ्याचं मी तेच केलं. त्याला उंचावर एक खोकं दिलं. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा सावलीला पाण्याचं रुंद भांडं दोनदा भरते. तो तिथे रमला आणि मला माझं घर परत मिळालं. चिंगी घरातच आहे. तिच्यावर अजूनही कधीमधी जीव उबगतो, आणि थोड्या वेळानं तो उबग जातोही. मुलीला मी स्पष्ट सांगितलं की सुट्टीत आली की मांजरींचं सगळं काम तुझं, आणि दवाखान्याच्या खर्चात तुझाही वाटा. हे मागायला संकोच करू नका.

तिसरा रस्ता, दुसरं घर. पोत्यात घालून परक्या शिवारात सोडणं हा रस्ता नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि घरात वाढलेली मांजर तिथे कुत्र्यांपुढे टिकत नाही. उंदरांनी हैराण झालेला किराणावाला, डाळमिलवाला, एकटी राहणारी म्हातारी, अशा माणसांना विचारा. नसबंदी तुमच्या खर्चानं करून द्या, म्हणजे घेणारा तयार होतो. तिच्या खोडी लपवू नका. पहाटे ओरडते तर तसंच सांगा आणि जेवणाच्या वेळा लिहून द्या. दोघं एकमेकांना बिलगून झोपत असतील तर दोघांना एकत्रच द्या. तिच्या अंथरुणाचं कापड न धुता सोबत पाठवा. नव्या घरी तिला निदान तीन आठवडे एका खोलीत ठेवायला सांगा, नाहीतर ती जुन्या घराच्या दिशेनं निघते आणि वाटेत हरवते. पहिल्यांदा बाहेर सोडायची ती जेवणाच्या वेळेच्या जरा आधी, उपाशी पोटी. मग वाटी वाजवली की परत येते.