एक झाड पकडा: खानदेशातले हिवाळी पाहुणे पाहावेत कसे, टिपावेत कसे

हिरवट वटवट्या या पक्ष्याचं वजन असतं सात-आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एवढासा जीव हिमालय आणि त्यापलीकडच्या रानांतून निघतो, बहुतेक प्रवास रात्रीच्या अंधारात करतो आणि पावसाळा सरता सरता आपल्या कॉलनीतल्या निंबावर येऊन उतरतो. मार्च-एप्रिलपर्यंत तो तिथेच असतो. खालून रोज शेकडो माणसं जातात, पण मान वर करून कोणी पाहत नाही. ती मान वर कशी करायची, तेच या लेखात सांगतो आहे. त्यासाठी सातपुडा चढायची किंवा महागडी लेन्स घ्यायची गरज नाही.

आधी जागा

हतनूर धरणावर बदकं बघायला जरूर जा, पण गाणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी घराजवळची बाग जास्त कामाची. जळगावात मेहरूण तलावाच्या काठची झाडी, धुळ्यात पांझराकाठ, आणि कुठल्याही गावात पाण्याच्या टाकीभोवतीची झाडं चालतील. तिथे पोचलात की बागभर भटकू नका. एक झाड पकडा.

हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या हिवाळ्यात मी कॅमेरा घेऊन एका थिरथिऱ्यामागे आठवडाभर धावलो. मी पाच पावलं टाकली की तो दहा पावलं पुढे. आठव्या दिवशी दमून कुंपणाशी बसलो, तर दहा मिनिटांत तो स्वतःच समोरच्या खांबावर आला. तो जात कुठेच नव्हता. त्याचा इलाखा ठरलेला होता, मीच त्याला त्यातून हुसकत होतो. हिरवट वटवट्याचंही तेच. हिवाळाभर तो आपला झाडांचा तुकडा धरून राहतो आणि दुसऱ्या वटवट्याला आत येऊ देत नाही. म्हणून रोज त्याच वेळी त्याच झाडाखाली बसणाऱ्याला तो रोज भेटतो.

झाड निवडताना निंब, बाभूळ, उंबर, पिंपळ असं देशी आणि किडामुंगीचं बघा. शोभेच्या पामच्या रांगांपाशी वेळ घालवू नका. झाड बागेच्या मधोमध नको, कडेचं हवं, म्हणजे जिथे झाडी संपून मोकळी जागा सुरू होते तिथलं. जवळ गळका नळ किंवा पाणी साचलेलं आळं असेल तर फारच उत्तम. आणि सकाळी बसाल तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी बाजू धरा.

बागेतल्या माळीदादांशी ओळख करून घ्या. एकदा मला आमच्या बागेतल्या बाबांनी विचारलं, “काय दखी ऱ्हायनात भाऊ?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तेच मला कुठलं पाखरू कुठल्या आळ्यात अंघोळ करून गेलं ते सांगू लागले. दिवसभर बागेत असणाऱ्या माणसाएवढं कोणालाच दिसत नाही.

केव्हा जायचं

सकाळी ऊन झाडाच्या शेंड्याला लागलं की किडे हलू लागतात आणि त्यांच्यामागे पक्षी. थंडीत सात ते साडेनऊ ही खरी वेळ, नाहीतर दुपारी चारनंतर. ऑगस्ट-सप्टेंबरात भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, पहिले थवे दिसतात. सप्टेंबरअखेरपासून वटवटे, थिरथिरे, धोबी येऊ लागतात. सुरुवात करायला ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह चांगला. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून तो महाराष्ट्रात पाळला जातो आणि तोवर बहुतेक पाहुणे स्थिरावलेले असतात.

शेपटी वाचायला शिका

नवखा माणूस रंग बघतो आणि फसतो, कारण सावलीत सगळे मातकटच दिसतात. मी आधी शेपटी बघायला सांगेन.

थिरथिरा बसल्या जागी शेपटी थरथरवतो, नाव त्यावरूनच पडलं आहे. नर वरून काळा, पोट आणि शेपटी तांबूस. मादी तपकिरी, पण थरथर तीच. तो कुंपण, भिंत, दगड अशा खालच्या जागी सापडतो. पांढरा धोबी हिरवळीवर धावतो आणि शेपटी वरखाली हलवत राहतो. लाल छातीचा माशीमार शेपटी झटक्यात वर करतो, तेव्हा तिच्या दोन्ही कडांचे पांढरे पट्टे लख्ख दिसतात. ते एकदा दिसले की छाती लाल आहे की नाही याची चिंता नको, कारण मादीची आणि पिल्लाची नसतेच.

अवघड काम वटवट्यांचं. चिफचाफ आणि हिरवट वटवट्या दोघेही पानांत सतत चुळबुळ करतात. चिफचाफ सारखी शेपटी खाली दाबतो, त्याचे पाय काळे. हिरवट वटवट्याच्या पंखावर बहुधा एक बारीक फिकट रेघ असते आणि भुवई ठळक. पिसं झिजली की ही रेघ जवळजवळ पुसून जाते, तेव्हा आवाजावर या. तो दोन तुकड्यांत ‘चिस्-ली’ असं म्हणतो. बाभळीत करड्या डोक्याचा, पांढऱ्या गळ्याचा पक्षी ‘टक्… टक्’ करत असेल तर तो शुभ्रकंठी वटवट्या. पाण्याकाठच्या गवतातून बाहेर डोकावून लगेच आत पळणारा, गळ्यावर निळाई असलेला तो शंकर. त्याच्यासाठी जमिनीलगत नजर ठेवा.

पहिला आठवडा कॅमेरा घरी ठेवा. नुसते कान आणि डोळे न्या, जमल्यास ८ बाय ४२ ची दुर्बीण. त्यातला ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. फोनवर ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. त्याचा उपयोग करा, पण ते सुचवतं तेवढंच. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाव वहीत लिहू नका.

आता फोटो

फोनच असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या एका काचेला फोनची लेन्स टेकवा. हात झाडाला किंवा बाकाच्या पाठीला टेकून स्थिर करा आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. नंतर त्यातली चांगली चौकट निवडता येते, शिवाय शेपटीची हालचाल आणि आवाजही हाती राहतो.

मोठ्या झूमचा कॅमेरा असेल तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. झाडाच्या सावलीत १/५०० पर्यंत उतरलात तरी चालेल. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ऑटोवर सोडा, १६०० किंवा ३२०० झाला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकसचा एकच ठिपका निवडा, नाहीतर कॅमेरा पक्षी सोडून पुढच्या काटकीला धरतो. पक्षी आकाशासमोर बसला असेल तर एक्सपोजर +१ करा, नाहीतर काळी सावलीच हाती येते.

आधी ओळख पटवणारे फोटो घ्या, सुंदर फोटो नंतर. बाजूने, समोरून, पंखाची रेघ, पाय, शेपटीची खालची बाजू, असं जे मिळेल ते. मग शांतपणे डोळ्यावर फोकस धरून थांबा. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला की तोच फोटो जिवंत वाटतो. जमिनीवरच्या धोब्यासाठी तुम्हीही जमिनीवर बसा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि हिरवळ एवढंच येतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलली की भोरड्यांसाठी वेगळी सकाळ राखून ठेवा. फुलांतला मध पिताना त्यांचं भान हरपतं आणि चोचीभोवतीची पिसं परागांनी पिवळी होतात. ज्वारीवर थवा उतरला की माळ्यावरचा शेतकरी गोफण फिरवतो. त्याचा रागही खरा, पण हाच पक्षी टोळही खातो हे त्याला जरूर सांगा. शेतात शिरण्याआधी मात्र त्याची परवानगी घ्या.

हे करू नका

फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. इलाखा राखणारा पक्षी त्या खोट्या प्रतिस्पर्ध्यावर आपली ताकद खर्च करतो आणि ती त्याला परतीच्या वाटेसाठी हवी असते. फांद्या हलवणं, खडे मारणं, फ्लॅश, घरट्याजवळ जाणं हे सगळं वर्ज्य. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: सकाळी बागेत बायाबापड्या फिरायला आलेल्या असतात. लांब लेन्स त्यांच्या दिशेला वळली तर त्यांना अवघडतं. माणूस समोर आला की कॅमेरा खाली घ्या.

वही

घरी आल्यावर तारीख, वेळ, झाड, पक्षी आणि संख्या लिहा. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकली तर ती अभ्यासकांनाही मिळते. नोंदीचं मोल खानदेशाइतकं कोणाला कळणार? जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये छापली होती. इथलंच रानपिंगळा हे छोटं घुबड शंभराहून अधिक वर्षं कोणाला खात्रीने दिसलं नव्हतं. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या नोंदींचा माग काढत अभ्यासक शहाद्याकडे आले आणि १९९७ मध्ये ते तिथल्या जंगलात सापडलं.

वहीत सगळ्यात जास्त विसरली जाणारी नोंद म्हणजे शेवटची तारीख. पहिला थिरथिरा आला की सगळे आनंदाने लिहितात, पण तो गेला कधी हे कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मार्चच्या मध्यापासून आपल्या झाडाखाली रोज दहा मिनिटं तरी बसा आणि पक्षी दिसला नाही तरी ‘आज नाही’ असं लिहा. एप्रिलात उन्हाच्या झळा लागतील, बाग सातलाच रिकामी होईल, तरी बसा. सलग आठ-दहा दिवस ‘आज नाही’ आलं की मागे जाऊन शेवटच्या ‘आहे’खाली रेघ मारा.