थायरॉईड, प्रेग्नन्सी आणि उडालेली झोप: रिलॅक्स होताना या चुका टाळा

रात्रीचे अडीच. पोटाखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि मी अंधारात श्वास मोजतेय, चार, सात, आठ, मनात मात्र "अजून कशी येत नाही झोप" हेच चालू. सातव्या महिन्यात माझा हा रोजचा कार्यक्रम होता, आणि जबडा इतका आवळलेला असायचा की सकाळी दात दुखायचे. म्हणजे रिलॅक्सेशन नावाला, शरीर कुस्ती खेळतंय.

तर पहिली चूक हीच, झोप यावी म्हणून हट्टाने रिलॅक्स व्हायला जाणं. त्यात सात आकडे श्वास रोखून धरायचा प्रकार प्रेग्नन्सीत नकोच, पोट वर सरकल्यामुळे आधीच दम लागत असतो. नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, सहापर्यंत हळूच बाहेर, मध्ये थांबायचं नाही, बस. कपालभाती, भस्त्रिकाही या काळात बाजूला ठेवा. स्नायू आवळून सैल सोडायचा व्यायाम करत असाल तर पायाची बोटं पुढे ताणू नका, पोटरीत असा गोळा येतो की अख्खी रात्र जाते, बोटं स्वतःकडे ओढायची. आणि सुरुवात जबड्यापासून करा, दात एकमेकांपासून सुटले की खांदे आपोआप खाली येतात. वीसेक मिनिटांत नाहीच झोप आली तर उठून मंद उजेडात बसा, घड्याळ बघत लोळत पडू नका.

शवासन पाठीवर करायचं असं डोक्यात बसलेलं असतं, पण २८ आठवड्यांनंतर गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं म्हणून कुशीवरच करा. डावी-उजवी कुठलीही चालेल. मध्येच जाग आली आणि पाठीवर असाल तर घाबरू नका, फक्त कूस बदला.

आता खरा मुद्दा, कारण श्वासाने सगळं सुटत नाही. थायरॉईड कमी असलेल्यांना प्रेग्नन्सीत गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, म्हणून साधारण अर्धी प्रेग्नन्सी होईपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघतात. बऱ्याच जणी काय करतात, सकाळी थायरॉईडची गोळी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या एकाच घोटात, आणि मग गोळी नीट शोषलीच जात नाही! रिकाम्या पोटी गोळी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर ४ तासांनी. झोप लागत नाही म्हणजे गोळीनेच होतंय असं समजून ती स्वतःच बंद करणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक, बाळालाही सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं.

उलट, अंथरुणात पडल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, सारखा घाम येतो, हे सगळं "टेन्शन असेल" म्हणून ध्यान करून दाबू नका. डोस जास्त झालेला असू शकतो किंवा थायरॉईड वाढलेलं असू शकतं, रक्त तपासूनच कळेल. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायला सांगा, लोह कमी पडलं की असं होतं. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं हेही डॉक्टरांना सांगायचंच.

"नॅचरल आहे" म्हणून अश्वगंधा घेऊ नका, प्रेग्नन्सीत ती टाळतात आणि थायरॉईडचे आकडेही ती हलवू शकते. मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या हार्मोनची गोळी, तीही स्वतःच्या मनाने नको. कॉफी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत, तीही सकाळीच, कारण प्रेग्नन्सीत कॅफिन शरीरातून जायला फार वेळ लावतं.

आणि एक, पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजून झोपमोड होत असेल तर श्वासबिस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, लिव्हरची तपासणी लागते.