वाढदिवसाच्या जेवणाचा खर्च कसा काढावा

केटररला पहिला फोन केला की बहुतेक जण विचारतात, "ताटाला किती घेता?" हा प्रश्न नंतरचा. खर्च फुगतो तो दरापेक्षा ताटांच्या आकड्याने. म्हणून सुरुवात पाहुण्यांपासून करा.

आधी डोकी मोजा

यादीत मोठी माणसं आणि दहा वर्षांखालची मुलं वेगळी लिहा. दोन मुलांमागे एक ताट पुरतं. मुलांना सोडायला येणारे आईबाबा जेवायला थांबणार आहेत का, हे आमंत्रण देतानाच विचारा. आकडा चुकतो तो इथेच. मुंबईत रविवारी दुपारी बोलावणार असाल तर लोकलचा मेगाब्लॉक लक्षात घ्या. डोंबिवली-वसईहून येणारे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. संध्याकाळ ठेवणं खूपच सोयीचं.

मग वेळ आणि मेनू

साडेपाच ते साडेसात कार्यक्रम असेल तर बटाटेवडा, सँडविच, ढोकळा एवढं भरपूर झालं. आठनंतर मात्र पोटभर जेवण हवंच. पावभाजी असेल तर मोठ्या माणसाला तीन पाव धरा. केकचे माणशी ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे ५० जणांना अडीच ते तीन किलो. केक असताना आणखी दोन गोड पदार्थ ठेवू नका, ते हमखास उरतात.

आता दर

तीन केटररना एकच मेनू पाठवा, नाहीतर दरांची तुलनाच होत नाही. वाढपी, भांडी, पिण्याचं पाणी आणि गाडीभाडं दरात धरलंय का, हे एकेक करून विचारा. केटरिंगवर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलात तो १८ टक्के होतो. केटररकडे जीएसटी क्रमांकच नसेल तर त्याला हा कर लावता येत नाही.

हिशेब

समजा, ३५ मोठे आणि १५ मुलं. मुलांची आठ ताटं धरून एकूण ४३. दर ३५० रुपये असेल तर १५,०५० रुपये. वाढपी आणि गाडीभाड्याचे २,६०० धरले की १७,६५०. त्यावर ५ टक्के जीएसटी मिळवला की साधारण १८,५३०. केक वेगळा. वर दहा टक्के हाताशी ठेवा.

केटरर किमान ताटांचा आकडा मागतो आणि पाहुणे कमी आले तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. म्हणून ४३ चा हिशेब असला तरी ४० सांगा, आणि आणखी पाच ताटं त्याच दराने मिळतील असं अ‍ॅडव्हान्स देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. उरलेलं जेवण डब्यांत भरून तुम्हालाच मिळेल, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.