दुबईत बोट दाखवण्यापूर्वी
संयुक्त अरब अमिरातीत गाडी चालवताना संतापून कोणाला मधले बोट दाखवणे हा निव्वळ असभ्यपणा नसून फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि परदेशी व्यक्तीला दंड किंवा कैदेबरोबरच देशाबाहेर काढले जाण्याचीही शक्यता असते. तोच राग व्हॉट्सॲपवर शिवीच्या रूपाने उतरला, तर २०२१ चा सायबर कायदा लागू होतो. तक्रार झालीच, तर वाद वाढवू नये. अरबी भाषेतील जबाबावर, तो दुभाष्याकडून समजून घेतल्याशिवाय, सही करू नये. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेनंतर भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. खटला मात्र दूतावास लढवत नाही, वकील आपणच नेमावा लागतो.