लघू-गुरू मोजताना आणि गण पाडताना या चुका टाळा

वृत्तात लिहिलेल्या कवितेत प्रत्येक अक्षर लघू (ऱ्हस्व, एक मात्रा) की गुरू (दीर्घ, दोन मात्रा) ते ठरवून तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात. त्यात ‘जोडाक्षर आले की मागचे अक्षर गुरू’ या अर्धवट पाठ केलेल्या नियमाने सगळ्यात जास्त घोळ होतो. ही ओळ पाहा:

उन्हाने नदीचा गळा कोरडा हा

‘न्हा’ जोडाक्षर आहे म्हणून ‘उ’ गुरू धरलात, तर पहिला गण म (तिन्ही गुरू) येतो आणि पुढचे तिन्ही य (एक लघू, मग दोन गुरू). मग वाटते, ओळच चुकली. ओळ बरोबर आहे, मोजणी चुकली. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होते. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो; ‘उन्हाने’, ‘तुम्ही’, ‘तुझ्या’, ‘दुसऱ्या’ म्हणताना मागच्या अक्षरावर तसा येत नाही. म्हणून ‘उ’ लघूच. चारही गण य, 12 अक्षरे: हे भुजंगप्रयात वृत्त. शंका आली की शब्द मोठ्याने म्हणून पाहावा.

मात्र सगळेच कानावर सोपवू नका. बोलताना आपण ‘घर’मधला ‘र’ जवळजवळ पाय मोडूनच म्हणतो, तरी वृत्तात ‘घ’ आणि ‘र’ हे दोन लघू. पाय मोडून लिहिलेले व्यंजन मात्र वेगळे मोजत नाहीत. ‘क्वचित्’मध्ये ‘त्’मुळे ‘चि’ गुरू होतो, एवढेच.

चरणाचे शेवटचे अक्षर लघू असले तरी ते गुरू मानतात. हे विसरून चांगल्या ओळी दुरुस्त करत बसणारे बरेच आहेत!

लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक वेगळी. एका गुरूच्या दोन मात्रा, म्हणून त्याच्या जागी दोन लघू बसवले की झाले, असे त्यांना वाटते. मात्रावृत्तात, म्हणजे जिथे मात्रा मोजतात तिथे, हे चालते. अक्षरगणवृत्तात, म्हणजे जिथे अक्षरे आणि गणांचा क्रम ठरलेला असतो तिथे, नाही. ‘मला दे’ आणि ‘मला सुख’ दोन्हींच्या मात्रा 5च, पण पहिला य गण आहे. दुसऱ्यात अक्षरेच चार झाली. मात्रांची बेरीज जुळली तरी वृत्त मोडले.

गण पाडताना शब्द कुठे संपतो हे पाहू नका, आणि यती (ओळ म्हणताना घ्यायचा विसावा) कुठे येतो हेही नाही. मंदाक्रांता वृत्तात 17 अक्षरे; यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. गण मात्र म भ न त त आणि शेवटी दोन गुरू. म्हणजे दोन्ही यती गणाच्या मध्येच पडतात. यतीपासून नव्याने तीन-तीन अक्षरे मोजायला घेतलीत, तर ‘यमाताराजभानसलगा’ हे गण लक्षात ठेवायचे सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर चुकणार.

अभंग-ओवीचे गण पाडायला जाऊच नका. तिथे अक्षरसंख्या पाहतात.

आणि वृत्तासाठी कवीने ‘नदी’चे ‘नदि’ केले असेल, तर लाल पेन खाली ठेवा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीच पद्यात ऱ्हस्व-दीर्घाची ही सूट दिली आहे. दर दुसऱ्या ओळीत ती घेणाऱ्याला मात्र दुसरा शब्द शोधायला सांगावे.