वर्गात मोफत ऑनलाइन साधनं वापरताय? या चुका टाळा

कॅनव्हा (पोस्टर बनवायला), पॅडलेट (सगळ्यांनी मिळून लिहायची ऑनलाइन भिंत), स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग), काहूट (प्रश्नमंजूषेचा खेळ) ही नावं आता बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची झाली आहेत. पहिल्या तासाला वर्ग खूश असतो. दुसऱ्या-तिसऱ्या तासापासून तक्रारी सुरू होतात: ‘सर, उघडतच नाहीये’, ‘मॅडम, माझं सगळं गेलं’, ‘हिने माझं पुसलं’. यातल्या बहुतेक अडचणी तासाच्या आदल्या दिवशीच कळू शकतात. उरलेल्या येतात त्या साधन आधी आणि काम मागाहून ठरवल्यामुळे.

‘आज कॅनव्हावर पोस्टर करू’

हे साधनाचं नाव झालं, काम काय ते यातून कळत नाही. जलचक्रावर पोस्टर करा एवढंच सांगून बघा. निम्मा तास टेम्प्लेट, म्हणजे तयार नमुने, चाळण्यात जातो. मग फॉन्ट. मग पार्श्वभूमी निळी की आकाशी यावर गटात भांडण. शेवटची पाच मिनिटं उरली की बाष्पीभवनाबद्दलची दोन वाक्यं कुठूनतरी उचलून चिकटवली जातात. पोस्टर मात्र इतकं देखणं होतं की आपणही चांगला शेरा देऊन मोकळे होतो. मुलाला बाष्पीभवन कळलं का, हे त्या पोस्टरवरून कुणालाच सांगता येणार नाही.

यावर उतारा म्हणजे आधी कागद. मजकूर वहीत लिहायचा, बाण कुठून कुठे जाणार त्याचं कच्चं चित्र काढायचं, ते दाखवल्याशिवाय स्क्रीन उघडायची नाही. टेम्प्लेट तुम्हीच दोन-तीन निवडून द्या किंवा सरळ कोरं पान द्या. फॉन्ट दोन, रंग तीन. मुलं थोडी कुरकुरतील, कुरकुरू द्या.

कामच असं द्या की नुसत्या सजावटीवर निभावणार नाही. उदाहरणार्थ, प्रत्येक गटाने पोस्टरमध्ये एक चूक मुद्दाम पेरायची आणि दुसऱ्या गटाने ती शोधून कारणासह दुरुस्त करायची. विषय समजल्याशिवाय पटण्याजोगी चूक पेरताच येत नाही. पाऊस खालून वर पडतोय असं दाखवलं, तर समोरचा गट दोन सेकंदांत पकडतो आणि पेरणाऱ्यांचीच फजिती होते. दुसऱ्या खेपेला मुलं फार हुशारीने चुका करतात.

लिंक दिली आणि गोंधळ उडाला

सगळ्यात जास्त तास वाया जातात ते इथे. गूगल स्लाइड्सची एकच फाइल वर्गाला दिली, सगळ्यांना बदल करण्याची परवानगी दिली. कुणीतरी गंमत म्हणून सगळं सिलेक्ट करून डिलीट दाबलं. आता तुम्ही कितीही वेळा अनडू करा, उपयोग नाही, कारण अनडू फक्त स्वतः केलेले बदल मागे घेतं. अशा वेळी फाइल मेनूमध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा. कुणी केव्हा काय बदललं ते तिथे वेगवेगळ्या रंगांत दिसतं आणि आधीची प्रत परत आणता येते. हे एकदा वर्गासमोर करून दाखवलंत, तर पुसापुशी बरीच कमी होते. आपलं नाव तिथे दिसतं म्हटल्यावर गंमत करण्याचा उत्साह ओसरतो. मात्र त्यासाठी मुलांनी आपापल्या खात्याने लॉगिन केलेलं हवं, नाहीतर सगळेच निनावी दिसतात.

प्रत्येकाला स्वतंत्र प्रत हवी असेल, तर ब्राउझरमध्ये वर दिसणाऱ्या फाइलच्या पत्त्याच्या शेवटी ‘एडिट’ (edit) असतं ते आणि त्यापुढचं सगळं काढून त्या जागी इंग्रजीत ‘कॉपी’ (copy) लिहा आणि ती लिंक पाठवा. ती उघडली की गूगल थेट ‘प्रत बनवायची का?’ असं विचारतं. मूळ फाइलला कुणाचा हात लागत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच नेहमीची: फक्त पाहण्याची परवानगी दिली आणि सगळा वर्ग ‘टाइप होत नाही’ म्हणून ओरडतोय. लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे तुम्ही लॉगिन केलेलं नसतं, त्यामुळे बाहेरच्याला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं.

पॅडलेटसारख्या भिंतीवर लॉगिन न करताही लिहिता येतं, ही सोय आहे आणि डोकेदुखीही. नाव नसलं की चेष्टा वाढते. पोस्ट दिसण्याआधी तुमची मंजुरी लागेल अशी सेटिंग त्यात आहे. निदान पहिल्या काही वेळा ती चालू ठेवा. पोस्टच्या पहिल्या ओळीत हजेरी क्रमांक लिहायचा, एवढ्या नियमानेही पुष्कळ फरक पडतो.

अख्ख्या वर्गाने एकदम खातं उघडणं

तास सुरू झाल्यावर सगळ्यांना ‘साइन अप करा’ म्हणू नका. एकाच नेटवर्कवरून धडाधड खाती उघडायला लागली की काही सेवांना हा स्वयंचलित हल्ला वाटतो आणि कॅप्चा (‘तुम्ही यंत्र नाही ना’ याची चाचणी) किंवा नकार सुरू होतो. शिवाय बऱ्याच सेवांची वयोमर्यादा 13 वर्षांची असते. त्याखालच्या मुलाने खोटी जन्मतारीख टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि शिक्षकाने तसं सुचवणं तर नाहीच. स्क्रॅचवर शिक्षक-खातं मिळालं की मुलांची खाती ईमेलशिवाय तयार करता येतात. ते मंजूर व्हायला वेळ लागतो म्हणून आधी अर्ज करा. काहूटमध्ये खेळायला आणि क्रोम म्युझिक लॅबमध्ये संगीत रचायला खातंच लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अशाच साधनांपासून करावी.

‘माझं गेलं’

लॉगिन न करता स्क्रॅचवर काम केलं आणि टॅब बंद झाला, की प्रकल्प गेला. फाइल मेनूमधून तो संगणकावर उतरवून ठेवा, पुढच्या तासाला तिथूनच परत चढवता येतो. क्रोम म्युझिक लॅबच्या साँग मेकरमध्ये सेव्ह केल्यावर एक लिंक मिळते. ती हरवली की गाणंही हरवलं. म्हणून तास संपायच्या सात-आठ मिनिटं आधी ‘हात थांबवा, सेव्ह करा, लिंक वर्गाच्या यादीत चिकटवा’ हे ठरलेलंच असू द्या. घंटा झाल्यावर कुणी सेव्ह करत नाही.

जाता जाता: स्क्रॅचचं संपादन मोबाइलवर नीट चालत नाही, संगणक किंवा टॅबलेटच हवा. मुलांच्या हातात जे यंत्र असणार, त्यावरच आदल्या दिवशी सगळं करून बघा. तुमच्या लॅपटॉपवर चाललं याला काही अर्थ नाही. मराठी मजकुराचंही तसंच. नक्षीदार इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच, मग अक्षर भलतंच दिसतं किंवा चौकोन उमटतात. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हे देवनागरीसाठी घडवलेले फॉन्ट निवडा, आणि जोडाक्षरं नीट दिसतात ना ते डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये तपासा.

मोफतची हद्द

कॅनव्हात मुलं नेमकी मुकुटाची खूण असलेली चित्रं उचलतात, आणि मोफत खात्यावर त्यांवर वॉटरमार्क, म्हणजे कंपनीचा पुसट शिक्का, येतो. ती खूण आधीच ओळखायला शिकवा. शाळेतल्या शिक्षकांना पडताळणीनंतर कॅनव्हाची शिक्षण-आवृत्ती मोफत मिळते, त्यात हा प्रश्न बराचसा सुटतो. पॅडलेटच्या मोफत खात्यात मोजक्याच भिंती ठेवता येतात. दर धड्याला नवी भिंत काढलीत तर लवकरच अडकाल. ‘मोफत चाचणी’साठी कार्डाचा नंबर मागणाऱ्या साधनाच्या वाटेला जाऊच नका.

काहूटमध्ये तीच ती चार नावं

काहूट बरोबर उत्तराला गुण देतं, पण वेगालाही देतं. त्यामुळे दर वेळी वर तीच ती चार नावं झळकतात, सावकाश वाचणारी मुलं उत्तर येत असूनही खाली राहतात, आणि दोन-तीन खेळांनंतर प्रश्न न वाचता नुसती बटणं दाबू लागतात. वर्गात हशा चालू असतो म्हणून हे लक्षातही येत नाही. प्रश्नाचा वेळ वाढवा, विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांना गुण शून्य ठेवा, किंवा जोड्या करून खेळवा. माझं मत विचाराल तर प्रश्न मुलांनाच तयार करू द्यावेत. तीन चुकीचे पर्याय खरे वाटतील असे लिहिणं, हे उत्तर देण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

एकाच साधनावर भिस्त

गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा कित्येक शिक्षकांच्या रोजच्या वापरात होता. तो 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झाला. मुलांच्या छोट्या व्हिडिओंसाठी लोकप्रिय असलेलं फ्लिपही स्वतंत्र साधन म्हणून 2024 मध्येच मायक्रोसॉफ्टने गुंडाळलं. तेव्हा सत्र संपलं की जपण्यासारखी कामं पीडीएफ, चित्र किंवा व्हिडिओ म्हणून उतरवून घ्या. फाइलच्या नावात वर्ग, विषय आणि हजेरी क्रमांक टाका, म्हणजे पुढच्या वर्षी शोधाशोध होणार नाही.